सात-दहाच्या मोजणीबाई

सुटलेल्या गाडीमागे धावताना मोजणीबाईंना कुणी कधी पाहिलं नाही. गाडी हलली की त्या होत्या तिथेच थांबत, पदर सावरत आणि पुढच्या गाडीची चौकशी करायला वळत. चालत्या गाडीमागे पळणं आणि उभ्या गाडीला आपली वाट बघायला लावणं, या दोन्ही गोष्टी त्यांना सारख्याच लाजिरवाण्या वाटत. मी दोन्हींत तरबेज होतो. त्यामुळे आमची खरी ओळख भांडणातून झाली, यात नवल नाही.

नाशिकहून मालेगावला रोज अप-डाऊन करणारे आम्ही वीस-पंचवीस जण होतो. शाळावाले, बँकवाले, दवाखान्यातले, कचेरीतले. सकाळी सात-दहाची लाल गाडी आणि संध्याकाळी पाच-चाळीसला तीच गाडी परत. मी मालेगावच्या एका ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. बाई तिथल्या जमीन मोजणीच्या कार्यालयात होत्या. आडनाव आहेर, पण ते पासावरच्या नावापुरतंच. पाठीमागे सगळे ‘मोजणीबाई’ म्हणत आणि समोर नुसतं ‘बाई’. उंची बेताची, चष्मा जाड, खांद्याला खाकी कापडाची पिशवी. पिशवीत डबा, थर्मास, पुठ्ठ्याची वही आणि गुंडाळलेला एक टेप. गाडीत टेप कशाला, असं मी एकदा विचारलं. "सवय," त्या म्हणाल्या. "तुमच्या खिशात खडू सापडतो ना, तसंच."

नोकरीची निम्मी वर्षं त्यांनी शेतांच्या बांधांवर काढली होती. एका बाजूला थोरला भाऊ, दुसऱ्या बाजूला धाकटा, दोघांच्या तोंडात शिव्या आणि मधे बाई टेप धरून उभ्या. अशा वेळी त्यांचं एकच वाक्य असे: "आधी मोजणी, मग भांडण." गाडीतही हेच चाले. एकदा तीन जणांच्या बाकावर एक जाडजूड गृहस्थ आणि त्यांच्या शेजारचा किडकिडीत माणूस यांची जागेवरून जुंपली. आवाज चढले, घराणी निघाली. बाईंनी मागून येऊन दोघांना उभं केलं, बाक मोजलं आणि सांगितलं, "प्रत्येकी सोळा इंच येतात. तुम्ही बावीस घेतलेत." ते गृहस्थ चांदवडपर्यंत अंग चोरून बसले. आम्ही खिडकीबाहेर बघत हसत होतो.

त्यांचा खरा राग रुमालांवर होता. गाडी फलाटाला लागली रे लागली की आमच्यातला एखादा चपळ गडी खिडकीतून रुमाल, पिशव्या, टोप्या, मिळेल ते आत टाकायचा. चार-सहा जागा आमच्या माणसांच्या नावानं अडायच्या. ती माणसं मागाहून चहा पिऊन सावकाश यायची. बाई आत चढत, रुमाल उचलत, त्याची नीट घडी घालत आणि ज्याचा असेल त्याच्या हातात देत. "रुमालाला तिकीट नसतं," त्या म्हणत, आणि त्या जागेवर समोर उभी असलेली कुणी अनोळखी बाई बसवून टाकत. आम्हाला ते आगाऊपणाचं वाटे. रोज येणाऱ्यांचा काही हक्क नको का, असं आम्ही आपापसांत कुजबुजायचो.

आणि मी? मला रुमालाचीही गरज पडत नसे. गंगापूर रोडवरच्या माझ्या घरातून मी कंडक्टरलाच फोन लावायचो. "मास्तर, निघालोय, अशोकस्तंभावर आहे, दोनच मिनिटं." अशोकस्तंभावर आहे हे सांगताना माझ्या तोंडात बऱ्याचदा दातांचा ब्रश असे. कंडक्टर खैरनार सटाण्याकडचे, माणूस लोण्यासारखा. तेही थांबत आणि गाडीतले माझे मित्रही "सर येतायत, सर येतायत" करून ड्रायव्हरला धरून ठेवत. मी धापा टाकत चढलो की टाळ्या पडत. मला त्या टाळ्यांचा अभिमान होता, आता सांगायला लाज वाटते. आपल्यासाठी गाडी थांबते म्हणजे आपण गावात कुणीतरी आहोत, असं माझं मत होतं.

मग एका सकाळी खैरनारांनी तिकिटं कापता कापता बातमी दिली. सात-दहाची बंद होणार. भारमान पडलं होतं. भारमान म्हणजे गाडीत किती जागा भरल्या आणि किती रिकाम्या गेल्या याचा हिशोब. नाशिकला आम्ही पंचवीस जण चढायचो, मधल्या थांब्यांवर पूर्वी गाडी ओसंडून जायची, आता तिथे चिटपाखरू चढत नव्हतं. "रिकामी गाडी कवर पळवतील साहेब लोक?" खैरनार म्हणाले. नव्या वेळापत्रकात तिचं नाव नसणार होतं.

गाडीत एकच कल्लोळ झाला. प्रत्येकाकडे कारण तयार होतं. कुणी म्हणालं तिकीट महाग. कुणी म्हणालं, बायकांना अर्धं तिकीट झालं तरी बायका का येत नाहीत मग? कुणाला बाकं टणक वाटत होती, कुणाला गारेगार गाडी हवी होती, कुणाला मोबाइल चार्ज करायची सोय. लोकांकडे पैसा आला, घरोघरी मोटारी झाल्या, असा निकाल बँकेतल्या एकानं लावला. मी म्हणालो, निवेदन देऊ, सह्या गोळा करू, फोटो छापून आणू. सगळ्यांना ते पटलं. निवेदन द्यायला आपल्याकडे कुणाची ना नसते.

बाईंना थर्मासचं झाकण लागेना. मी ते लावून दिलं, तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सर, घरी सासरे आहेत. आप्पा. अर्धांगानं पडून. दिवसाची बाई आठला जाते, एक मिनिट थांबत नाही. पाच-चाळीसची मला पावणेआठला सातपूरला घरी पोचवते. काळी-पिवळी जीप भरल्याशिवाय हलत नाही, ती मला कधी पोचवणार? ही गाडी गेली तर नोकरी नाहीतर आप्पा, दोन्हींतलं एक सोडायचं. सेवानिवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, आणि आप्पांना मी सोडणार नाही." एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले, चष्मा घातला आणि वही काढली. "निवेदन नको. आधी मोजणी."

त्यांनी पाच दिवसांची रजा टाकली. त्याआधी आगारात जाऊन तिथल्या साहेबांना भेटून आल्या. साहेब सरळ होते. ते म्हणाले, "मॅडम, गाडी भरून दाखवा, मी कशाला बंद करू? तीन महिने थांबतो." बाईंना तेवढं पुरे होतं. सोमवारी त्या आडगाव नाक्यावर जाऊन उभ्या राहिल्या, मंगळवारी ओझरला, बुधवारी पिंपळगावला, मग वडाळीभोई, मग चांदवड. भल्या पहाटे पहिल्या गाडीनं जायचं, थांब्यावरच्या निंबाखाली उभं राहायचं आणि आमची सात-दहाची तिथे येईपर्यंत कोण येतं, किती वेळ थांबतं, कशात बसून जातं, हे वहीत लिहायचं. आम्ही गाडीतून जाताना त्या दिसायच्या. आम्ही हात हलवायचो. त्या हात हलवत नसत, घड्याळ बघून लिहीत असत. रजा काढून माणूस तिरुपतीला जातो, बाई पिंपळगावच्या थांब्यावर गेल्या, यावर आम्ही आठवडाभर विनोद केले.

पुढच्या सोमवारी चांदवड सोडून गाडी राहुड घाटाला लागली तशा बाई उठल्या. एका हातानं वरची दांडी धरली, दुसऱ्या हातात वही. "ऐका," म्हणाल्या. "आपण समजतो, मधल्या गावांतली माणसं मोटारीनं जायला लागली. थोडी गेलीत. पण बुधवारी पिंपळगावला पावणेआठच्या आत-बाहेर अकरा माणसं मालेगावला जायला उभी होती. मी प्रत्येकाला विचारलं, लाल गाडी का सोडली? सगळे म्हणाले, तिकीट परवडत नाही. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत त्याच माणसांनी काळी-पिवळीला जास्त पैसे दिले. माणूस तोंडानं तिकिटाचं सांगतो आणि पायानं वेळेचं."

मग त्यांनी मनीषाचं सांगितलं. पिंपळगावजवळच्या एका वस्तीवरची मुलगी, मालेगावला नर्सिंग शिकणारी. तिचा बाप तिला म्हणालेला, "एष्टीनं जायचं तं जा, काळी-पिवळीत बसायचं नाय." पोरगी रोज आपल्या गाडीसाठी थांबायची, उशीर झाला की वर्गात बाहेर उभी राहायची. शेवटी बापाला न सांगता ती काळी-पिवळीत दाटीवाटीनं बसायला लागली. बाईंना ती म्हणाली होती, "मावशी, तुमची गाडी येती, नाय असं नाय. पण कवा येती ते तिलाच ठावं. आमाला फी भरून ज्योतिष शिकाया लागंल." आणि चांदवडच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, ही गाडी सरकारची हाय का तुमच्या घरची, आत चढलं की जिथं तिथं रुमाल.

"आता गाडीला उशीर का होतो ते," असं म्हणून बाईंनी पान उलटलं. "रस्ता मोकळा असतो. ड्रायव्हर चांगले आहेत. उशीर नाशिकच्या फलाटावर होतो. रजेआधीचा आठवडा मी तिथे लिहून ठेवलाय. सोमवार, सात मिनिटं, देवरे सर. मंगळवार, चार मिनिटं, बँकेतले दोघं, चहा. बुधवार, नऊ मिनिटं, देवरे सर. गुरुवार..." देवरे सर म्हणजे मी. सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. चांगल्या घरचा, दोन पदव्यांचा माणूस, पण त्या क्षणी मला बाकाखाली जावंसं वाटत होतं.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी उठलो. "बाई, दोन-चार मिनिटांसाठी तुम्ही माणसाची अब्रू काढता? रोजचा सोबती मागे राहतोय म्हणून मित्र गाडी थांबवतात. माणुसकी म्हणून काही चीज आहे की नाही?"

"आहे ना," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "माणुसकी पिंपळगावला उभी आहे. तुम्हाला ती खिडकीतून दिसत नाही, कारण तुम्ही चढलात की झोपता. गाडी एकासाठी थांबली, की दहा जण गाडीसाठी थांबायचं सोडून देतात. एवढं साधं गणित आहे, सर. तुम्ही तर शिकलेले."

खैरनारांनी घसा खाकरला. "बाई, तुमनं बरोबर शे," ते त्यांच्या बोलीत म्हणाले, मग आमच्याकडे वळून, "मी तर टायमाला डबल बेल मारतो हो. तुम्हीच लोक ओरडता, आन मला मन मोडवत नाही." तिथल्या तिथे ठरलं. दुसऱ्या दिवसापासून सात-दहा म्हणजे सात-दहा. कुणी कंडक्टरला फोन करायचा नाही, कुणी रुमाल टाकायचा नाही. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी मी सात-बाराला फलाटावर पोचलो. गाडीची पाठ वळणावर दिसेनाशी होत होती. माझा विश्वास बसेना. माझ्यावाचून ती गेलीच कशी? मी काळी-पिवळीत बसलो. ती भरेपर्यंत आडगाव नाक्यावर पंचवीस मिनिटं उभी राहिली. मागच्या बाकावर आम्ही पाच जण होतो, माझा एक पाय दुसऱ्याच कुणाच्या तरी पिशवीत. पहिला तास बुडाला, प्राचार्यांचं बोलणं ऐकलं. त्या पंचवीस मिनिटांत मनीषा काय सोसत असेल ते मला कळलं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर मला फक्त बाईंचा राग आला होता. आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही.

बाईंनी माझी समजूत काढली नाही. त्यांनी चहा आणला. मोठा थर्मास घेतला, आलं घालून चहा करायला लागल्या आणि जाहीर केलं, सात वाजता फलाटावर असेल त्याला कपभर चहा, सात-पाचला थर्मासचं झाकण बंद. चहा फुकट होता, पण प्रश्न त्याचा नव्हता. सगळे कप घेऊन उभे आहेत आणि आपण तिष्ठत बघतोय, हे दोनदा झालं आणि तिसऱ्या दिवशी मी सात वाजता हजर. बाईंनी कप भरला. बशीही दिली, कारण मी बशीतून पितो हे त्यांच्या लक्षात होतं. तिथेच माझा राग विरघळला.

दुसरी गोष्ट त्यांनी केली ती फोनवर. मधल्या थांब्यांवरच्या माणसांना घेऊन त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप काढला, नाव ‘सात-दहा’. गाडीनं फलाट सोडला की त्यावर बाईंचा एकच शब्द येई: ‘निघाली’. बस. उत्तर द्यायचं नाही, अंगठा दाखवायचा नाही. सुप्रभात, फुलं, सुविचार, वाढदिवस यांपैकी काही टाकलं की बाई त्या माणसाला काढून टाकत, मग चार दिवसांनी तो गयावया करून परत येई. मी एकदा दसऱ्याच्या शुभेच्छा टाकल्या आणि मिनिटभरात बाहेर पडलो. "अहो बाई, सण होता," मी कुरकुरलो. त्या म्हणाल्या, "फोन वाजला की पिंपळगावच्या माणसानं समजायचं, गाडी निघाली, आता घर सोडायचं. तुमच्या सोन्यासारख्या आपट्याच्या पानांनी फोन वाजायला लागला तर तो बघायचं सोडून देईल." बाईंना आणखी काही येत नसेल, पण माणूस काय केलं म्हणजे काय सोडून देतो, हे त्यांना अचूक कळायचं.

पहिले पंधरा दिवस काहीच झालं नाही. गाडी वेळेवर जायची आणि थांबे मोकळेच. बँकवाला म्हणाला, बोलाचीच कढी. बाई मात्र रोज त्याच आवाजात "चला" म्हणायच्या. तिसऱ्या आठवड्यात पिंपळगावला मनीषा चढली, मग तिच्या दोन मैत्रिणी. मग एका सोमवारी वडाळीभोईला एक अख्खं कुटुंब. चांदवडचा तो म्हातारा चढला आणि दारातूनच त्यानं विचारलं, "रुमाल हायेत का?" बाईंनी त्याला स्वतःची जागा दिली. ओझरचे लोक मात्र आले नाहीत. ते कारखान्याच्या गाड्यांनी, मोटारसायकलींनी जात राहिले. मी म्हणालो, त्यांच्याही मागे लागू या. बाईंनी मान हलवली. "त्यांची सोय झालीय. ज्याला गरज नाही त्याच्या दारात गाडी नेऊन उभी करायची नसते."

तीन महिन्यांनी नवं वेळापत्रक लागलं. चौकशीच्या खिडकीशेजारच्या फळ्यावर सात-दहाची मालेगाव जागच्या जागी होती. आम्ही पेढे वाटले. बाईंनी एक पेढा खाल्ला, एक आप्पांसाठी कागदात बांधून घेतला आणि म्हणाल्या, "उद्या सातला."

पुढची दोन वर्षं गाडी अशीच गेली. निवृत्तीच्या आठवडाभर आधी बाईंनी ग्रुपचा ताबा माझ्याकडे दिला. मी म्हणालो, मला कशाला, मी सगळ्यांत बेशिस्त. त्या म्हणाल्या, "म्हणूनच. ज्याच्यासाठी गाडी सगळ्यांत जास्त थांबलीय, त्यालाच द्यायचं होतं." मग ‘निघाली’ मी लिहायला लागलो. पहिल्या दिवशी तो एक शब्द पाठवण्याआधी मी तीनदा वाचून पाहिला, इतकं दडपण आलं.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी आम्ही गाडीला झेंडूच्या माळा बांधल्या. शाल, श्रीफळ, साडी आणली. मनीषा आता मालेगावच्याच एका दवाखान्यात नोकरीला लागली होती. तिनं पिंपळगावहून फोन करून सांगितलं होतं की तिकडची माणसं हार घेऊन उभी राहणार आहेत. सात वाजले. चहा नव्हता, कारण बाई नव्हत्या. सात-पाच झाले. असं कधीच झालं नव्हतं. सात-आठला माझा फोन वाजला.

"सर, मी मायको सर्कलला आहे. गर्दीत अडकलेय. आप्पांनी आज हट्ट धरला, मला अंघोळ घाल, टोपी घाल, तुझा शेवटचा दिवस आहे म्हणून. नाही म्हणवलं नाही."

"काही हरकत नाही बाई, या सावकाश," मी म्हणालो. "पाच मिनिटांचा तर रस्ता आहे. आज एक दिवस गाडी थांबेल."

पलीकडे रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. मग त्यांनी विचारलं, "किती वाजले?"

"सात-नऊ."

"मग?"

गाडीतले सगळे ओरडत होते, थांबा, थांबा, बाईंशिवाय कसं जायचं? बँकवाला तर दारात आडवा उभा. खैरनार दोरीला हात लावून माझ्याकडे बघत होते. एवढी वर्षं डबल मारणारा माणूस, पण त्याचा हात खाली येईना. मी फोनवर म्हणालो, "बाई, निदान रिक्षानं आडगाव नाक्याला तरी गाठा." "गाडीमागं मी धावत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "मी आठच्या गाडीनं येते. तुम्ही माणसं ताटकळत ठेवू नका." आणि फोन ठेवला.

मी खैरनारांच्या हाताशेजारून दोरी धरली आणि दोनदा ओढली. माझे डोळे भरून आले होते, मला ते कुणाला दाखवायचं नव्हतं म्हणून मी मान खाली घालून फोनवर लिहिलं: ‘निघाली’. बँकवाला शिव्या घालत बाजूला झाला. झेंडूच्या माळा लेऊन, शाल रिकाम्या बाकावर ठेवून आमची गाडी सात-दहाला फलाटावरून हलली. पिंपळगावला बरोबर वेळेवर पोचलो. मनीषा आणि तिच्याबरोबरची माणसं हार घेऊन चढली आणि रिकामं बाक बघून तिथेच थबकली. मी झालं ते सांगितलं. मनीषानं हार शालीवर ठेवला.

आडगाव नाक्यापाशीच फोन वाजला होता, तो मी आता पाहिला. ‘सात-दहा’ ग्रुपवर बाईंनी लिहिलं होतं: ‘शाबास सर.’ त्याखाली लगेच दुसरी ओळ होती, आहेरबाईंनी ग्रुप सोडल्याची. ग्रुपवर ‘निघाली’शिवाय दुसरं काही लिहिणाऱ्याला बाहेर काढायचं, हा नियम त्यांचाच होता. तो त्यांनी स्वतःला लावला होता.

शाल त्यांना आम्ही संध्याकाळी पाच-चाळीसच्या गाडीत दिली. त्या रडल्या, आम्हीही रडलो. पावणेआठला त्या घरी पोचल्या.

आता सातला फलाटावर चहाचा थर्मास मी आणतो. त्यात आलं जरा जास्त पडतं. सात-दहाला ग्रुपवर ‘निघाली’ लिहितो आणि तोच शब्द बाईंना वेगळा पाठवतो. त्या कधी उत्तर देत नाहीत. त्यांना त्या गाडीनं कुठे जायचं नसतं, त्या वेळी त्या आप्पांना दूध देत असतात. तरी पाठवतो. गेल्या महिन्यात एका सकाळी फलाटावर जुना विद्यार्थी भेटला, बोलण्याच्या नादात गाडी सुटली तरी माझं लिहायचंच राहिलं. गाडी द्वारकेच्या सिग्नलला उभी होती, तेवढ्यात फोन वाजला.

"सर, गाडीचं काय झालं?"

"निघाली बाई. वेळेवर निघाली. माझं कळवायचं राहिलं."

"मग कळवा की आधी," त्या म्हणाल्या. "पिंपळगावला माणसं घरात बसून असतील."